लच्छूचा दगड

लाईट गेली होती. अंगणातल्या खाटांवर आम्ही पोरंपोरी, मधे बापूराव आजोबा.

"हे माह्या भाचीसंग झालं, कांतासंग. नर्स हाये. खोटं वाटलं तर तिले फोन लावा."

मागच्या तान्ह्या पोळ्याची रात. कांता अ‍ॅम्ब्युलन्समधून सलाईनचे खोके घेऊन गडचांदूरहून कोरपन्याला निघाली होती. वाटेत एका खदानीपाशी माणसांनी गाडी अडवली. अंकुश नावाचा मजूर संध्याकाळपासून दगडाखाली होता. दोन्ही मांड्या दाबलेल्या. बोलत मात्र नीट होता.

"आंधी सलाईन, मंग दगड," कांता म्हणाली. "दाबल्या मांसात जहर साचते. दगड उचलला का ते रगतात उतरते. किडन्या जातेत, माणूसही जाते."

"बाई, तो मरून राह्यला अन् तुम्ही सुई शोधता?" मुकादम गुणवंतराव म्हणाला. "लावा रे सब्बल."

त्याच्या आदल्या साली गुणवंतरावानं इथंच लच्छू नावाच्या मजुराला दगडाखालून असंच घाईनं काढलं होतं. लच्छू उठून बसला, हसला, तंबाखूचा खर्रा मागितला. खर्रा तोंडात जायच्या आत तो गेला.

लोखंडी सब्बल दगडाखाली लागली. दगड हलला.

आणि सब्बल उलटी फिरली. गुणवंतरावाचा जबडा फुटला. दात मातीत पडले. दुसऱ्यानं हात घातला, त्याची बोटं चिरडली. दगड बोटभर खाली रुतला... अंकुश गुरासारखा ओरडला.

"वरतं... वरतं लच्छू बसला हाये..."

दगडावर कुणीच नव्हतं.

"भूत डॉक्टरकी शिकलं होतं का, आजोबा?" आयुषनं विचारलं.

"चूप रे. ज्यानं तो मेला, तेवढं त्याले समजलं होतं."

कुणी हलेना. कांतानं शीर शोधली. एक बाटली संपली. दगड कुरकुरत होता. दुसरी लावली. संपली. मग कुरकुर थांबली... दोघांनी नुसत्या हातांनी दगड उचलला.

"अंकुशले काळ्या चायवानी लघवी झाली. मंग साफ. वाचला."

मी शेजारी बसलेल्या मयुरीचा हात धरला.

"अन् लच्छू?" तिनं विचारलं.

"सकाळी कांता खदानीत उतरवलेले बाकीचे खोके न्याले गेली. दगडावर तिसरी बाटली होती. तिनं लावली नोहोती. रिकामी... खाली माती कोरडी. नळीच्या टोकाले सुई. सुईवर चिकटपट्टी, गोल गुंडाळलेली... मनगटाएवढी. आत काईच नाई."