चौथी बाजू

त्या दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ आणलं. खरं तर एवढंच झालं, बाकीचं सगळं त्याच्यामागून आलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण मधे थांबवू नका. एकदा थांबले तर पुन्हा सुरू करायचं धाडस व्हायचं नाही.

आधी माझा स्वभाव सांगायला हवा. सव्वीस वर्षं मी एका छापखान्यात प्रुफं तपासली. उघडा राहिलेला कंस किंवा विसरलेला पूर्णविराम दिसला की माझं डोकं उठतं. घरातही तेच. अर्धवट लावलेलं कपाट, एक बटण कमी असलेला सदरा, काहीच माझ्या नजरेतून सुटत नाही. लेक म्हणायची, आईच्या हातात लाल पेन नसलं तरी ते चालू असतं. मी हसायचे. मला त्याचा अभिमानच होता.

शिवणाचं खातं मात्र वन्संकडे होतं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांनी लग्न केलं नाही. एका दवाखान्याच्या शिवणखोलीत चादरी आणि रुग्णांचे झगे शिवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि घरी आल्या की पुन्हा सुई हातात. पिशव्या, उशांचे अभ्रे, पायपुसणी, लेकीच्या बाहुलीचे कपडे, काय वाट्टेल ते. त्यांच्या अंगाला कायम कपड्यांच्या खळीचा वास यायचा, दवाखान्यातल्या चादरींना असतो तसा. दिवसभर मशीनच्या आवाजानं कान किटतात म्हणून घरी त्या हातानंच शिवायच्या. पायमशीन माझं होतं, माहेरून आलेलं. त्याला त्यांनी कधी बोटही लावलं नाही.

घरातल्या प्रत्येकाची एक गोधडी होती. दर वाढदिवसाला त्या माणसाच्या जुन्या कपड्याचा एक तुकडा वन्सं तिला जोडायच्या. तीन बाजूंची कड पक्की शिवलेली असायची आणि चौथी उघडी. तिथून अस्तर दिसायचं, दोरे लोंबायचे. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझं लक्ष तिकडे गेलं.

"वन्सं, ही बाजू राहिलीय."

"राहिली नाही. ठेवलीय."

"मग शिवायची कधी?"

"ती कुणी शिवायची नसते," त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "ती ज्याची त्याची शिवली जाते."

हे बाजूलाच होते, ते हसले. मग मीही हसले. पण पुढे सासरे गेले, त्या सकाळी त्यांच्या अंगावरची गोधडी मी घडी करायला घेतली, तर तिच्या चारही बाजू बंद होत्या. मी वन्संकडे पाहिलं. मी हात लावलेला नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मी मनाशी ठरवून टाकलं की बापासाठी म्हणून त्यांनीच शिवली असणार आणि रडू येईल म्हणून कबूल करत नाहीत. मागच्या वर्षी, लेकीच्या गोधडीला एकोणिसावा तुकडा जोडून झाल्यावर, वन्संही गेल्या. त्यांच्या गोधडीकडे मी पाहिलंच नाही.

आमची लेक लग्नानंतर अकरा वर्षांनी झाली. एकुलती एक, त्यात छातीची नाजूक. लहानपणी किती वेळा तिला उराशी धरून, तिचा श्वास मोजत बसले आहे, त्याला हिशेब नाही. ती एकोणीस वर्षांची झाली आणि परगावी शिकायला जायची ठरली, तेव्हा तोंडानं मी आनंद दाखवला आणि आतून पार खचले. निघायच्या आदल्या दिवशी मी तिचं सामान भरत होते. हे तिच्या बॅगेची चेन दुरुस्त करून आणायला गेले होते.

आमच्या इमारतीला तेव्हा रंग द्यायचं चाललं होतं. बाहेरून वरपासून खालपर्यंत हिरवं कापड बांधलेलं, धुळीसाठी खिडक्या बंद. भर दुपारी घरात हिरवट अंधार असायचा आणि बाहेरचा एकही आवाज आत येत नसे. लेक आतल्या खोलीत पुस्तक वाचत आडवी झाली होती. मी तिची गोधडी बॅगेत ठेवायला उचलली. एकोणीस तुकड्यांची, एकेक मला ओळखू येणारा. आणि ती चौथी बाजू, दोरे लोंबणारी. परक्या मुलींसमोर माझ्या पोरीनं हे असलं फाटक्यासारखं पांघरायचं? त्या मुली काय म्हणतील, हिला आई नाही का? मी चप्पल घातली आणि रीळ घेऊन आले.

मशीनवर बसले. पहिले टाके छान पडले. प्रुफातली चूक दुरुस्त करताना वाटतं तसंच समाधान वाटत होतं. वीतभर झालं असेल, तेव्हा वास आला. खळीचा. गोधडीत राहिला असेल म्हणून मी पाय चालू ठेवला.

"आई, दार का लावलंस?" आतून लेकीनं विचारलं.

दार माझ्या डोळ्यांसमोर होतं. सताड उघडं. मी तसं सांगितलं. मशीन चालत होतं. अर्धी बाजू झाली.

"आई... कोंडतंय गं."

मी म्हटलं, रंगाची धूळ आहे, पंखा लाव. एवढ्यात होतंच आहे, मग येते.

"आई... पांघरूण... तोंडावरून काढ ना..."

घरातली बाकीची पांघरुणं धुवून कपाटात ठेवलेली होती. बाहेर एकच होतं, आणि ते माझ्या हाताखाली होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी उठले नाही. झोपेत बरळतेय म्हटलं, आता फक्त चार बोटं राहिलीत म्हटलं, आणि पाय दाबला. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली तरी एवढं मला सांगावंच लागतं, की मी उठले नाही.

खट् आवाज झाला आणि सुई मोडली.

मशीन थांबल्यावर घरात इतकं शांत झालं की मला आपोआप आतला श्वास ऐकायची सवय आठवली. एकोणीस वर्षांची सवय. मी ऐकलं. आत काहीच नव्हतं.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ निळसर, मुठी गळ्याशी, मान मागे ओढल्यासारखी. मी हलवलं, हाका मारल्या, पाठीवर थापट्या मारल्या. तिचा औषधाचा पंप मीच तळाशी नीट भरून ठेवला होता, तो सापडेना. आणि त्या गोंधळात वन्संचं ते वाक्य माझ्या कानात स्वच्छ वाजलं. ज्याची त्याची शिवली जाते.

मी धावत मशीनपाशी आले. पेन्सिलला टोक करायचं ब्लेड होतं, त्यानं टाके उसवायला लागले. अंगठा कापला, रक्त दोऱ्याला लागलं. वीतभर उसवलं आणि आतून एक घरघर आली. आणखी वीतभर, आणि खोकला. मी मोठमोठ्यानं रडत होते आणि उसवत होते. शेवटचा टाका निघाला तेव्हा ती दारात उभी होती, चौकटीला धरून.

"आत्या कुठे गेली?" तिनं विचारलं.

"कोण आत्या...?"

"आत्ता होती. माझा हात धरून बसली होती. म्हणाली, सुई मी मोडते, पण मला एकदाच मोडता येते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "कसली सुई, आई?"

तिला मशीन दिसत नव्हतं, मी मधे होते.

डॉक्टर म्हणाले, धुळीनं जुना दमा उलटला. यांना ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं. मोडकी सुई मी मशीनमध्ये तशीच ठेवली, मशीनचा पट्टा काढून कपाटात टाकला, वर झाकण घातलं आणि त्यावर जुन्या मासिकांचा गठ्ठा रचला. महिन्याभरानं लेक बरी होऊन परगावी गेली. गोधडी घेऊनच गेली, उघडी बाजू तशीच लोंबती. ती घरात ठेवायची माझी हिंमत नव्हती, आणि तिच्यापासून लांब ठेवायचीही नव्हती.

दर रविवारी दुपारी ती फोन करते. जेवण, अभ्यास, खोलीतली मैत्रीण, सगळं सांगते. गेल्या महिन्यात बोलता बोलता म्हणाली, "आई, निघताना थोडीशी शिवून दिलीस वाटतं. मला आत्ता दिसली."

मी विचारलं, किती.

"वीतभर असेल."

मी तिला फोन कानाशी धरूनच ब्लेड घ्यायला लावलं. ती हसत होती, तरी तिनं ऐकलं. दोरे तुटायचा आवाज मी इकडे ऐकला. छापखान्यात आम्हाला एक गोष्ट नेहमी छळायची. दुरुस्त केलेली चूक पुढच्या प्रुफात तशीच्या तशी परत यायची, आणि ती कुणी घातली ते कधीच सापडायचं नाही. पुढच्या रविवारी मी हॅलोच्या आधी विचारलं.

गोधडी उलगडल्याची सळसळ आली. "अर्धी झालीय, आई."

"टाके बारीक आहेत का गं? तिरके? आत्याचे असायचे तसे?" मला तसं असायला हवं होतं. वन्सं असतील तर मी त्यांच्या पाया पडले असते.

"नाही. हाताचे नाहीतच. मशीनचे आहेत." तिनं एक श्वास घेतला, तो मला पुरा ऐकू आला नाही. "इथे कुणाकडे मशीन नाही..."

मी तिला म्हटलं, उसव, सगळी उसव, मी पहिल्या गाडीनं निघते. फोन ठेवला. यांना पिशवी भरायला सांगितलं. आणि मग पाय आपोआप मशीनकडे वळले.

मासिकांचा गठ्ठा जागेवर होता. वर धूळ होती, बोट उठेल एवढी. कपाटात पट्टा तसाच गुंडाळलेला होता. मी गठ्ठा उतरवला आणि झाकण काढलं.

सुई अख्खी होती. आणि तिच्यात दोरा ओवलेला होता.