पावाची दोन टोकं

मेरहावीने दुकानात शिरून थेट पाव मागितला. काउंटरमागच्या बाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "नमस्कार."

"एक पाव."

"नमस्कार," बाई पुन्हा म्हणाल्या. पावाला हात लावला नाही.

मी त्याच्या मागे उभी होते. माझ्यावरही हा प्रसंग येऊन गेला होता. "आधी नमस्कार करा," मी कुजबुजले. "नाहीतर अंधार पडेपर्यंत इथेच उभे राहाल."

त्याने नमस्कार केला, पाव मिळाला. बाहेर येऊन त्याने लांबट पावाचं टोक मोडलं, तोंडाशी नेलं, थांबला... आणि माझ्यापुढे धरलं.

"घ्या. गरम आहे."

तो इरिट्रियाचा, मी जॉर्जियाची. फ्रान्समधल्या सँ-एतिएन शहरातल्या आमच्या वस्तीच्या सभागृहात दर मंगळवारी मादाम शापुई नवख्यांना फ्रेंच शिकवायच्या. त्या संध्याकाळी वर्गात गेले, तर तो पहिल्या बाकावर. ओठाच्या कोपऱ्याला अजून पिठाचा कण होता.

त्या हिवाळ्यात धडा एकच चालला होता, खाण्यापिण्याचा. हवं, नको, थोडं, आणखी, गरम, गार. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. त्यामुळे आम्ही जे काही बोललो, ते जेवणाच्याच शब्दांत बोललो.

एकदा मादामने त्याला वेटर केलं आणि मला गिऱ्हाईक.

"बाईसाहेब, काय घेणार?"

"सूप आहे?"

"नाही."

"मासा?"

"आत्ताच संपला."

"मग आहे तरी काय?"

"मीठ आहे," त्याने विचार केल्यासारखं केलं, "आणि मी आहे."

"मेरहावी, मेन्यूत तू नाहीस," मादाम म्हणाल्या.

"मीठच आणा," मी म्हणाले. "तुम्ही जरा कच्चे वाटता."

शेजारच्या ड्रिटाबाई, सत्तरी गाठलेल्या अल्बेनियन विधवा, मला कोपर मारून म्हणाल्या, "पोरी, कच्चं असतं तेच घ्यावं. आपल्याला हवं तसं शिजवता येतं."

वर्ग सुटला की तो माझ्या चौकापर्यंत सोबत यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही.

"आमच्याकडे कॉफी तीनदा पितात," एकदा तो म्हणाला. "पहिला कप कडक. तिसरा... जवळजवळ पाणी."

"मग तिसरा प्यायचा कशाला?"

"तिसऱ्याआधी उठायचं नसतं." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "माझ्या खोलीत भांडं आहे. तू ये... कधीतरी."

"येईन," मी म्हणाले.

जानेवारीत माझा आश्रयाचा अर्ज दुसऱ्यांदा फेटाळला गेला. शुक्रवारी मला विमानात बसवणार होते. मला परत यायला बंदी, आणि देश सोडून पळून आलेल्या त्याच्याकडे कुठल्याच देशाचा पासपोर्ट नाही. मी त्याला काही सांगितलं नाही.

त्या मंगळवारी मादामने राजांचा केक आणला. बदामाचं सारण भरलेला गोल केक, पोटात चिनी मातीचं चिमुकलं बाहुलं. ज्याच्या तुकड्यात बाहुलं निघेल तो राजा. त्याने सगळ्यांसमोर आपली राणी निवडायची. वाटणीत लबाडी नको म्हणून वयाने सर्वांत लहान असेल त्याने टेबलाखाली बसून, न बघता, कुठला तुकडा कुणाचा ते सांगायचं. वर्गात सर्वांत लहान मीच होते.

टेबलाखालून फक्त बूट दिसतात. मेरहावीचा उजवा बूट हलत होता.

"हा तुकडा कुणाचा?"

"मादामचा."

"आणि हा?"

"माझा."

मग सुरी कशावर तरी अडली. टक्.

वर मादाम उगाच खोकल्या. "हा... कुणाचा?"

मेरहावीचा बूट हलायचा थांबला.

त्याचं नाव घ्यायचं, एवढंच बाकी होतं. कागदी मुकुट त्याच्या डोक्यावर चढला असता आणि त्याने कुणाचं नाव घेतलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. ते ऐकायला मी अख्खा हिवाळा थांबले होते. पण नंतर शुक्रवार होता. ज्याला शब्द पाळायची सोयच नाही, त्याच्याकडून शब्द घ्यायचा कशाला?

"ड्रिटाबाईंचा," मी म्हणाले.

बूट हळूच मागे गेला.

"या वयात राणी," मुकुट सारखा करत ड्रिटाबाई म्हणाल्या. "नवरा असता तर हसून मेला असता." मग त्यांनी मेरहावीलाच राजा केलं आणि मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला. सगळे हसले, तोही हसला. केक मात्र त्याने खाल्ला नाही.

रस्त्यावर बर्फ पडत होतं. निम्म्या वाटेवर तो म्हणाला,

"सुरीचा आवाज तुला ऐकू आला होता."

"हो."

"मी नको होतो... तसं सांगायचं. 'नको' आपण शिकलोय."

"शुक्रवारी मला परत पाठवतायत."

तो थांबला. मुकुट अजून त्याच्या डोक्यावर होता. त्याने तो काढला आणि कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरला.

"कॉफी?" तो म्हणाला. "आत्ता?"

"आले तर तिसऱ्या कपानंतर मला उठता येणार नाही."

त्याने मान हलवली. मग कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. दारातूनच नमस्कार म्हणाला, पाव घेऊन आला. एक टोक मोडून माझ्या हातात दिलं. पाव उलटा केला, दुसरं टोक मोडलं, तेही दिलं.

"आणि तुला?"

"मधला आहे की."

तसाच तो गेला, दोन्हीकडून तुटलेला पाव काखेत धरून.

विमानतळावर माझी पिशवी उघडून शिपायाने ती टोकं बाहेर काढली. दगडासारखी झाली होती.

"हे काय आहे?"

"नमस्कार," मी म्हणाले.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "नमस्कार. हे काय आहे?"

"पाव."

"हा खाता येणार नाही आता. टाकू?"

"नको," मी म्हणाले.