मी न दिलेली गृहभेट

हे वाचून कुणी मला खोटारडी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही. एका बाबतीत मी खोटारडी आहेच आणि ती बाब याच हकिकतीत आहे. बाकी सगळं जसं घडलं तसंच लिहिते आहे. गावाचं नाव तेवढं देत नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही.

गेल्या वर्षीचा मार्च. बुधवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

वेळ मला अचूक ठाऊक आहे... कारण ती मीच ठरवली होती.

मी लुंबिनी. नांदेडला कंत्राटी परिवीक्षा अधिकारी आहे. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाला न्यायालय कधीकधी तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतं. अशा माणसावर लक्ष ठेवायचं, महिन्यातून एकदा त्याच्या घरी जायचं आणि ती भेट नोंदवहीत लिहायची, हे माझं काम. मी आधी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं, मग समाजकार्य. आमच्या घरात भूतपिशाच्च कुणी मानत नाही. मीही मानत नाही.

तेव्हा सेवा सुधारणेच्या नावाखाली आमचं काम एका खाजगी एजन्सीकडे द्यायचं घाटत होतं. गृहभेटी बंद. मोबाइलमध्ये एक अ‍ॅप, त्यावर रोज हजेरी. झालं. आमच्या संघटनेनं त्याविरुद्ध मोहीम उघडली. नांदेड आणि लातूर मिळून आम्ही बत्तीस जण. अध्यक्ष मंजुश्रीताई, रेणापूरच्या.

"अ‍ॅपला कुत्रं चावत न्हाई, म्हणून ते बरं वाटून राहिलंय त्यायला," ताई सभेत म्हणायच्या. "मला तीनदा चावलंय. दाखवू का?"

सगळे हसायचे. मग ताईंचा आवाज उतरायचा.

"फोन कुणाच्या घरात शिरत न्हाई. आपण शिरतो. आपल्यापाशी एवढंच हाय. सहा महिन्यांत एकबी भेट चुकली न्हाई, हे दाखवायचं. एक जरी चुकली ना, बत्तीस जण घरी बसू."

नोंदवह्यांच्या झेरॉक्स घेऊन लातूरला, हा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे जायचं ठरलं.

माझी एक भेट राहिली होती.

अयोध्याची. वय चोवीस. लोह्याच्या पुढच्या एका गावात तिचं सासर. ज्या बाईच्या शेतात मजुरीला जायची तिची सोन्याची पोत तिनं उचलली होती आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच परत नेऊन दिली होती. तिच्या हमीपत्रात एक अट होती. माझ्या लेखी परवानगीशिवाय तिला राहायचं ठिकाण बदलता येणार नव्हतं.

त्या बुधवारी सकाळी तिचे दोन फोन आले. पहिला मी उचलला.

"मॅडम, आज येऊन राहिल्या ना तुम्ही? मला नायगावला आईकडं जायचंय. हितं लई मारून राहिलेत मला. तुमच्या कागदाबिगर जाता येत न्हाई म्हणं."

"दुपारी येते," मी म्हणाले.

दुसरा फोन उचलला नाही. संघटनेची पत्रकं टाइप करायची होती. ऊन होतं. एस.टी.ला गर्दी होती.

मी गेले नाही.

दुपारी संघटनेच्या खोलीत पंख्याखाली बसून मी नोंद लिहिली.

'वेळ ३.१०. अयोध्या घरी हजर. प्रकृती ठीक. ओसरीतल्या बाजेवर बसून बोलले. सासूने पाणी आणले, घेतले नाही. पुढील गुरुवारी पुन्हा येईन.'

पाण्याचं मुद्दाम घातलं. बारीक तपशील असला की नोंद खरी वाटते. कॉलेजात प्रयोगवहीतला एक आकडाही मी कधी मनानं लिहिला नव्हता.

पुढच्या बुधवारी लातूरला समितीच्या साहेबांपुढे ताईंनी झेरॉक्सचा गठ्ठा उघडला. नेमकं तेच पान वर आलं.

"हे बघा साहेब, पाणी घेतलं न्हाई हेसुद्धा लिहिलंय पोरीनं. तुमचं अ‍ॅप लिहील का हे?"

साहेब हसले. वर्षभर काही बदलणार नाही, असं तोंडी आश्वासन मिळालं. गुरुवारी आम्ही लातूरलाच थांबलो. सगळ्यांनी मिळून मला हार घातला. त्या फोटोत मी खाली बघते आहे.

शुक्रवारी मी अयोध्याच्या गावी गेले.

तिची सासू, रुक्मिणबाई, ओसरीत तुरी पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"आता आनिक काय न्यायचं राहिलं?"

"अयोध्या कुठंय?"

आता सूप थांबलं.

"मलाच इचारता व्हय? काल तुम्हीच घेऊन गेलात की तिला."

"मी काल लातूरला होते."

"मग म्या खोटं बोलून राहिले का? मागल्या आठवड्यात बुधवारी आलात. ह्या बाजेवर बसलात. एवढ्या उन्हात पाणी आणलं, ते बी घेतलं न्हाई."

मी बाजेकडे पाहिलं. नवी कोरी. फेब्रुवारीत मी आले तेव्हा त्या ओसरीत बाज नव्हती... मी सतरंजीवर बसले होते.

"ही बाज कधी आणली?"

"झाले की धा दिवस. मंगळवारी."

म्हणजे मी नोंद लिहिली, त्याच्या आदल्या दिवशी. मला ते ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं.

शेजारची सिंधु कुडापाशी येऊन उभी राहिली होती. माझ्याकडे बघून ती एक पाऊल मागे सरकली.

"मॅडम, राग नका मानू. पर त्या दिवशी तुम्हाला काय झालं होतं? अयोध्याच्या ओठातून रगत येऊन राहिलं होतं. ती तुमचे पाय धरून कागद मागून राहिली होती. अन् तुम्ही नुसतं... प्रकृती ठीक. प्रकृती ठीक. वाचून दाखवल्यागत."



"आणि काल?"

"काल दारात येऊन उभ्या राहिलात. तोंडातून शब्द न्हाई. अयोध्याच म्हणली, आल्या बगा माझ्या मॅडम. कपड्याची पिशवी घेतली अन् तुमच्या मागं चालू लागली."

"कुठल्या बाजूला?"

तिनं हात केला.

तो स्टँडचा रस्ता नव्हता. तिकडे फक्त कापून झालेली रानं होती.

"मी हाका मारल्या," सिंधु म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी मागं वळून पाहिलं न्हाई."

मी त्या बाजूला चालत गेले. बरंच लांब. ढेकळांत एकाच माणसाच्या चपलांचे ठसे होते... आणि एका बांधापाशी तेही संपले होते.

नोंदीत मी 'येईन' एवढंच लिहिलं होतं.

पुढचं काही लिहिलं नव्हतं.

अयोध्या नायगावला पोचली नव्हती. तिच्या आईनं पोलिसात तक्रार दिली. मला बोलावलं गेलं. गुरुवारी मी लातूरला होते, हे त्या हाराच्या फोटोंवरून सिद्ध झालं. बुधवारबद्दल कुणी विचारलंच नाही. ते तर नोंदवहीत होतं.

पोलिसांकडून परतल्यावर त्या संध्याकाळी मी ताईंना फोन केला. सगळं सांगितलं. 

"लुंबिनी, तू गेली होतीस का न्हाई? एवढंच सांग."

"नाही."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"मला सांगितलंस. आता कुणाला सांगू नको. बत्तीस घरं हायत मागं."

मी 'बरं' म्हणाले. ताईंनी मला गप्प केलं, असं मला लिहिता आलं असतं. पण त्या बोलायच्या आधीच मला तेच ऐकायचं होतं.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी मी नोंदवही काढली. प्रयोग म्हणून नाही. भीतीनं. दोन ओळी लिहिल्या.

'राहण्याचे ठिकाण बदलण्यास परवानगी दिली. अयोध्या आईच्या घरी सुखरूप पोचली.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईचा फोन आला.

"मॅडम, आली माझी लेक! दारातच उभी होती बगा."

मी रडले. 

"कशी आहे?"

"सुखरूप हाय." ती थांबली. मग तिचा आवाज बारीक झाला, कुणी ऐकू नये तसा. "जेवली न्हाई अजून. आडवी बी झाली न्हाई. दाराच्या आतच उभी हाय. बस म्हणलं तर माझ्याकडं बघती... मॅडम, लेकराच्या अंगाचा वास आईला कळतो की न्हाई? हिच्या अंगाला वासच न्हाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही तिला वळखता. एकडाव येऊन बघा. तुम्ही हाव म्हणलात तर मी ठेवून घेते तिला. हीच हाय का माझी अयोध्या, तेवढं सांगा."

नांदेडहून नायगाव एस.टी.नं तास-सव्वा तासाचा रस्ता आहे. त्या माउलीचे आजवर अकरा फोन येऊन गेले.

आमची कंत्राटं पुढच्या वर्षासाठी वाढली. मोहीम जिंकली, असं सगळे म्हणतात. सभेत ताई माझ्या शेजारी बसत नाहीत.

मी अजून नायगावला गेलेले नाही.

गेले, तर जे दिसेल ते मला या वेळी खरं लिहावं लागेल.