उजवा खांदा

खेळ तपासणं म्हणजे खेळणं नव्हे, हे आईला समजावून मी थकले. तिच्या लेखी आम्ही दोघी बहिणी दिवसभर व्हिडिओ गेम खेळायचो आणि वर पगार घ्यायचो. "मज्जा आहे बाई तुमची," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मज्जा कसली डोंबलाची! एकच दार दिवसभर उघडायचं, लावायचं, आणि ते दर वेळी उघडतंय ना हे बघायचं. यात मज्जा शोधणाऱ्याचं कौतुकच केलं पाहिजे.

आमचं मुख्य काम भिंती घासणं. खेळातलं घर दिसायला घर असतं, पण आतून ते नुसते जुळवलेले पत्रे. जुळवताना कुठे फट राहिली, की खेळणाऱ्याचा माणूस भिंतीतून आरपार जातो. म्हणून आपला माणूस भिंतीला उजवा खांदा लावून चालवायचा, सगळं घर तसंच फिरायचं. कोपरा आला की दोनदा टकटक करायची, म्हणजे तो कोपरा झाला हे डोक्यात राहतं. ही पद्धत माझी. धाकटीला नोकरीला मीच लावलं आणि शिकवलंही मीच. ती इतकी चिवटपणे भिंत धरून चालायची की ऑफिसात सगळे तिला मुंगी म्हणायला लागले, आणि मग घरीही तेच नाव पडलं.

आणखी एक गोष्ट मी तिच्या डोक्यात घातली होती: बटण आलं की दाबायचं. खेळणारा ते दाबणारच, मग आपण आधी दाबलेलं बरं.

आम्ही बसायचो ती खोली तळघरात होती. खिडकी नाही. भिंतींना शाळेतल्यासारखा हिरवा ऑइलपेंट, शेजारीशेजारी दोन टेबलं, आणि सतत कण्हणारा एसी. समोरच्या खोलीत प्रोग्रामर बसायचा. वयाने मोठा, म्हणून आम्ही त्याला दादा म्हणायचो. फट सापडली की संगणकावर तशी नोंद टाकायची, दादा ती बुजवायचा, आणि दुरुस्त खेळ आपोआप आमच्या पडद्यावर यायचा. दादाला पसारा खपायचा नाही. नोंद पडली रे पडली की तो हातातला चहा ठेवून ती बुजवायला घ्यायचा.

तेव्हा आमच्याकडे एकच खेळ होता. तुम्ही एका मोठ्या, बंद घरात जागे होता आणि वाट शोधून बाहेर पडता. एक दिवस मालक स्वतः खाली आले. साहेब खाली आले की काहीतरी बिनसलेलं असायचं.

"ज्यांना खेळून बघायला दिला ते सगळे खेळ छान आहे म्हणतात," ते म्हणाले. "पण एकदा बाहेर पडलेला माणूस परत आत जात नाही. पुन्हा खेळावंसं वाटेल असं काय घालू या?"

दादा म्हणाला, दारं वाढवू. मी म्हटलं, अवघड करू. मुंगीने एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"आत काहीतरी राहिलं पाहिजे, साहेब. आपलं काहीतरी."

"म्हणजे?"

"गॅस बंद केला की नाही अशी शंका आली की माणूस अर्ध्या रस्त्यातून परत येतोच ना? तसं."

सगळे हसले. साहेबही हसले, पण वर जाताना विचारात पडलेले दिसले.

त्याच आठवड्यात मुंगीला फट सापडली. खेळातल्या घराच्या माडीवर अडगळीची खोली होती आणि तिथल्या कपाटामागची भिंत मऊ होती. तिचा माणूस खांद्यापासून आत गेला. पलीकडे एक अरुंद, करडी खोली होती. तिच्यात एक खुर्ची होती, बाकी काही नाही.

मी दादाला सहज विचारलं. "कपाटामागे? तिथे मी काहीच केलेलं नाही," तो म्हणाला. "तिथे नुसती पोकळी आहे."

मुंगीला मी नोंद टाकायला सांगितलं. तिने मान हलवली. "थोडे दिवस राहू दे ना, ताई."

"का?"

"तिथे बरं वाटतं. खुर्चीजवळ गेलं की 'बसा' असं बटण येतं."

"बसलीस?"

"न बसून सांगते कुणाला! तूच शिकवलंयस."

मी कानाडोळा केला. पण मग ती रोजच तिथे जाऊ लागली. दिलेलं काम कसंबसं उरकायचं आणि त्या करड्या खोलीत जाऊन बसायचं. हाक मारली तर लगेच ओ देत नसे. आधी मान वळायची, मग बऱ्याच वेळाने डोळे. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिच्या शर्टाच्या उजव्या खांद्यावर मला चुना दिसला. मी झटकला तर बोटांना लागला, कोरडा आणि गार.

"कुठे टेकली होतीस?"

"कुठे नाही गं."

आमच्या भिंती ऑइलपेंटच्या. अख्ख्या इमारतीत चुन्याची भिंत नव्हती. मी नंतर सगळीकडे फिरून पाहिलं.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. बहिणीला असल्या खुळापायी नोकरी गमावू द्यायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. कशाची, ते सांगता आलं नसतं. मुंगी हेडफोन लावून बसली होती. मी तिच्या शेजारी बसूनच नोंद टाकली: माडी, अडगळीची खोली, कपाटामागे फट. मग पाणी प्यायला बाहेर गेले.

परत आले तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती. हेडफोन टेबलावर होता. टेबलाखाली तिच्या चपला तिरक्या पडल्या होत्या, तिच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे. चहा अजून कोमट होता. पडद्याच्या कोपऱ्यात नेहमीची ओळ आली होती: नवा खेळ आला आहे.

वर जायचा जिना एकच, आणि त्याच्या तोंडाशी रखवालदार बसतो. तो म्हणाला, कुणी गेलं नाही. पोलीस म्हणाले, तरुण मुलगी आहे, रागावून गेली असेल, येईल. आईने मला एकच प्रश्न विचारला, "अनवाणी कशी जाईल गं ती?" आणि मग तो रोज विचारत राहिली. संध्याकाळचा चहा ती तिघींचाच टाकायची. मुंगीचा कप गार झाला की मोरीत ओतून द्यायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

मी दादाला फट पुन्हा उघडायला लावली. तो बिचारा काही न विचारता तयार झाला. पण आता कपाटामागे गेलं की माणूस सरळ पोकळीत पडत होता. करडी खोली नव्हती. फट बुजवण्याआधीचा जुना खेळ परत आणून पाहिला, त्यातही नव्हती.

मग मी खेळायला बसले. पहिल्यापासून. उजवा खांदा भिंतीला लावून एकेक खोली, एकेक बोळ. घर संपलं की पुन्हा पहिल्यापासून. कधीतरी तळमजल्यावरच्या बोळात हेडफोनमधून आवाज आला. भिंतीपलीकडे कुणीतरी खांदा घासत चाललं होतं. मी थांबले, तरी तो आवाज थांबला नाही. कोपऱ्यापाशी दोनदा टकटक झाली आणि घासणं पुढे सरकलं.

मी हमसून हमसून रडले. ती होती. माझी मुंगी तिथे होती आणि मी शिकवल्याप्रमाणे भिंत सोडत नव्हती.

खेळ बाजारात गेला आणि साहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात. लोक तो पुन्हापुन्हा खेळत होते. बाहेर पडायची वाट पाठ झाली तरी आत जात होते. भिंतीमागे कुणीतरी आहे, असं एकमेकांना सांगत होते. काही जण तर बाहेर पडायच्या दारापर्यंत जाऊन मागे फिरत. साहेबांनी माझी पाठ थोपटली. "हा आवाज घालायची कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आवाज त्याने घातला नव्हता.

"सोड ती नोकरी," आई म्हणाली.

"तिला तिथे ठेवून?" मी म्हटलं.

फट सापडली ती एका सकाळी. खेळातल्या जिन्यामागच्या भिंतीला खांदा घासत मी कितीदा तरी गेले होते. त्या दिवशी खांदा आत गेला. माझे हात शिवशिवत होते. मी आत शिरले.

करडी खोली. खुर्ची. खुर्चीत पाठमोरी मुंगी, उजवा खांदा पांढराफटक.

"मुंगे!"

तिने मान वळवली. मग, बऱ्याच वेळाने, डोळे. "आलीस होय," तिचा आवाज हेडफोनमध्ये आला. दमलेला, पण तिचाच. "मी जरा पाय मोकळे करून येते."

ती उठली. माझ्या माणसाच्या अंगाला अंग घासून फटीकडे गेली आणि बाहेर पडली.

माझ्या शेजारची खरी खुर्ची करकरली. मुंगी तिच्यात बसली होती. आळोखेपिळोखे देत पायाने चपला चाचपत होती. मला हसू फुटलं. मी तिचा हात धरणार होते.

पण पडद्यावर बटण आलं होतं. बसा.

मी विचार केला नाही. बोट आधी गेलं.

आणि कोपऱ्यात ओळ उमटली: नवा खेळ आला आहे.

मी ती ओळ बघत राहिले. मग आठवलं. फटीत शिरण्याआधी मी नोंद टाकली होती. जिन्यामागे फट. असं काही ठरवलं नव्हतं. फट दिसली की हात नोंद टाकतो.

समोरच्या खोलीतून दादाचा आवाज आला, "बुजवली गं!"

मुंगीने माझ्या खुर्चीकडे पाहिलं. माझ्यातून आरपार पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "ताई कुठे गेली?"

हिरव्या भिंती आधी फिकटल्या. मग करड्या झाल्या. मग एसीचं कण्हणं बंद पडलं.

इथे गार आहे. बाकी तक्रार नाही. आई आता चहा किती जणींचा टाकते, हा विचार मनात येतो तेवढाच. खुर्चीत फार वेळ बसवत नाही, म्हणून मी भिंतीला खांदा लावून चालते. चालायला लागलं की खोली लांबत जाते आणि बोळ होतो. भिंतीपलीकडून माणसं जाताना ऐकू येतात, पुष्कळ माणसं. ती धावत जातात, आपटतात, दारं उघडतात. ती परकी आहेत.

एक चाल मात्र मी ओळखते. ती भिंत सोडत नाही. रोज येते. कोपऱ्याशी दोनदा टकटक करते आणि वाट बघते.

मी उत्तर देत नाही. तिला फट सापडली तर काय होईल, ते मला पाठ आहे. आधी तिचा हात नोंद टाकेल. मग ती आत येईल. मग समोर बटण दिसेल. तेव्हा ती आली की मी पाऊलसुद्धा उचलत नाही, श्वास रोखून उभी राहते. ती कंटाळेल, नोकरी सोडेल, घरी जाऊन आईजवळ बसेल, एवढंच मला हवं आहे. मी मनाशी पक्कं केलं आहे की आवाज करायचा नाही.

आज ती आली तेव्हा माझ्या नेमकं लक्षात आलं नाही. मी चालत होते, आईचा विचार करत. कोपरा आला.

माझ्या बोटांनी दोनदा टकटक केली.

पलीकडचं घासणं थांबलं.