सतरा नंबरचा पोर्ट

सख्ख्या भावाबद्दल कुणी खोटं रचत नाही. मी तर नाहीच नाही.

गेल्या जुलैतला बुधवार. महाबळेश्वरच्या एका हॉटेलचं तळघर. दुपारचे चार.

आम्ही दोघं भाऊ कोरेगावचे. हॉटेलांत नेटवर्कच्या वायरी टाकायचं आमचं काम. वीरधवलदादा याच हॉटेलात कामाला आला आणि पावसात बेपत्ता झाला. तीन दिवस झाले होते. त्याच्या जीपमध्ये सापडला तो फक्त त्याचा भिजून बंद पडलेला लॅपटॉप. राजेश्वरीवहिनी तो उराशी धरून माझ्याशेजारी उभ्या होत्या.

शोधून शोधून मी वेडा झालो होतो. काहीच सुचेना, म्हणून हॉटेलच्या कॉम्प्युटरवर स्विचची यादी उघडली.

स्विच म्हणजे सगळ्या वायरी येऊन मिळतात तो डबा. कुठलं यंत्र कुठल्या पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या खाचेवर, बोलतंय, हे तो यंत्राच्या नंबरासकट टिपून ठेवतो. पाच मिनिटं कुणी गप्प राहिलं, की त्याचा नंबर पुसून टाकतो.

सतराव्या पोर्टवर दादाच्या लॅपटॉपचा नंबर होता...

आणि सतराव्या पोर्टला वायरच नव्हती.

"भाऊजी, ह्ये हायेत! बघा की, बोलत्यात!"

वायर टाकली, की ती चालते का बघायला दादा नेहमी पलीकडून माझ्या लॅपटॉपला हाक मारायचा. उत्तर येईपर्यंत थांबायचा नाही. माझा लॅपटॉप कुठे आहे हे स्विचला ठाऊक नसलं, की तो ती हाक सगळ्या पोर्टांवर सोडतो.

मी वर स्विचकडे बघितलं...

चोवीसच्या चोवीस पोर्टांचे दिवे एकदम लुकलुकत होते.

मी माझा लॅपटॉप जोडला. बाकीचे दिवे शांत झाले. फक्त माझा आणि सतरावा लुकलुकत राहिला.

हाक मला सापडली होती.

मी जाम घाबरलो. काही कळेनासं झालं, की बंद करून चालू करायचं, ही आमच्या धंद्यातली सवय.

"नगा भाऊजी, नगा!"

तोवर मी स्विचची विजेची पिन ओढली होती.

पुन्हा चालू केला. यादी कोरी. एकेक यंत्र परत आलं.

सतरावा आला नाही...

दुसऱ्या दिवशी दादा हॉटेलमागच्या घळीत सापडला. डॉक्टर म्हणाले, बुधवारी संध्याकाळपर्यंत जीव होता.

वहिनी तेव्हापासून एकच वाक्य बोलल्या, "त्यांनी हाक मारली, तुमी बंद केली."

मी अजून दर बुधवारी त्या तळघरात जातो. लॅपटॉप जोडून सतराव्याकडे बघत बसतो.

दादा, आता मी बंद करणार नाही.