तंबूतला बत्तासा

“बत्तासा कुठाय?”

शिवकन्येनं जेवणाचं ताट पुढं ढकललं आणि चुलीपाशी बसलेल्या मल्लम्माकडं अशा नजरेनं पाहिलं, की त्या नऊ वर्षांच्या डोळ्यांतला संशय मल्लम्माच्या काळजात खोल रुतला आणि तव्यावरची भाकर तिथंच करपून गेली.

“हाकलला म्या त्याला,” मल्लम्मा म्हणाली. “माणसांना खायला न्हाई, कुत्र्याला कुठून घालू?”

पोर रडली नाही. उठून परसात गेली, दाव्याचा रिकामा तुकडा हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली, आणि त्या दिवसापासून मल्लम्माशी बोलेनाशी झाली. हाकेला येई, सांगितलेलं काम करी… पण तिच्या ओठांतून ‘चिकव्वा’ ही हाक येईना. चिकव्वा म्हणजे धाकटी आई. आठ महिन्यांपूर्वी मल्लम्मा या घरात दुसरेपणावर आली, तेव्हा सासरच्या बायकांनीच पोरीला ते म्हणायला शिकवलं होतं.

बत्तासा हा शिवकन्येच्या आईनं माहेरून आणलेला कुत्रा. पांढराशुभ्र, एक कान तेवढा तांबूस. आई गेल्यावर पोर त्याच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय झोपत नसे. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं, आणि मल्लम्माला तर सर्वांहून अधिक ठाऊक होतं. कारण त्या हाताची जागा आपल्याला कधीतरी मिळेल, अशी वेडी आशा तिच्या मनात होती.

खरं काय घडलं ते मात्र निराळंच होतं.

साल बहात्तरचं. दुष्काळानं उदगीरकडचा सगळा मुलूख भाजून काढला होता. त्यांच्या हिप्परगा गावच्या शिवारात गुरं मरून पडत, आणि त्या मांसाला चटावलेली कुत्री माणसांच्या अंगावर येऊ लागली होती. एका म्हातारीला कुत्रं चावलं, तेव्हा चावडीवर ठरलं की गावातली सगळी कुत्री विष घालून मारायची. मल्लम्माचा नवरा सिद्रामप्पा पंच होता. कुणी आपलं कुत्रं द्यायला तयार होईना, तेव्हा तो उभा राहून म्हणाला, “पहिलं माझ्या घरचं घ्या. उद्या सकाळी मी माझ्या हातानं घालतो.”

घरी येऊन त्यानं मल्लम्माला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज कापत होता. माणूस दुष्ट नव्हता… शब्दात अडकला होता.

“पोरीला काय सांगायचं?” तिनं विचारलं.

सिद्रामप्पा खाली मान घालून बसला.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत मल्लम्मानं बत्ताशाला पदराआड घेतलं आणि ती वाढवणा गावच्या वाटेला लागली. तिथं दुष्काळी रस्त्याचं काम चालू होतं, ती त्याच कामावर खडी फोडायला जाई. मजुरांच्या हातात आठवड्याला पैसे पडतात म्हणून एका फिरत्या सिनेमावाल्यानं कामाजवळच तंबू ठोकला होता. पंढरी त्याचं नाव.

“बाई, राखणीला कुत्रं मला पायजेच हाय,” तो म्हणाला, “पण त्याला घालू काय?”

“त्याची भाकर मी आणून देत जाईन. फकस्त कुणाला सांगू नका.”

घरी आल्यावर सिद्रामप्पानं नजरेनंच विचारलं. “लावला वाटंला,” ती म्हणाली. त्याला जे समजायचं ते तो समजला, आणि चावडीवर जाऊन आपलं कुत्रं संपल्याचं सांगून आला.

पोरीला खरं सांगितलं असतं तर ती धावत तंबूकडं गेली असती आणि बत्तासा दोन दिवसांत गावात परतला असता, मरायला. आणि ‘अप्पानं मारायचं ठरवलं होतं’ हे सांगितलं असतं तर… आई गेलेल्या त्या लेकराला जगात एक बाप तेवढा उरला होता. एकाच्या तरी मांडीवर तिनं निर्धास्त डोकं ठेवावं. आपण तर परक्याच आहोत, अजून थोड्या परक्या झालो तर काय बिघडलं, असं मल्लम्मानं स्वतःला समजावलं. ते समजावणं किती महाग पडणार आहे, हे तेव्हा तिला कळलं नव्हतं.

कामाच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती आपली अर्धी भाकर आणि कामावर वाटली जाणारी सुकडी तंबूपाशी नेऊन देई. सणाच्या दिवशी काम बंद असे. तेव्हा ती वाढवण्याच्या महादेवाला जाते म्हणून निघे, दोन कोस चाले, खरोखरच महादेवाला हात जोडी आणि मग तंबू गाठी. पहिला खेळ दिवे लागले की सुरू व्हायचा. ती बाहेर उभी राहिली की बत्तासा आत थांबेना, आणि ती आत बसली की तो शेजारी गप्प बसे. म्हणून पंढरीनंच सांगून टाकलं, “बाई, आत येऊन बसत जा. तिकिटाचं नाव काढू नका. कुत्रं वरडलं तर माझा खेळ बिघडतो.”

तिनं पाहिलेला पहिला खेळ येळवशीचा, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळअमावास्येचा होता. एरवी येळवशीला सारं गाव रानात असतं, कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडून, आंबिलीची बिंदगी भरून. त्या साली रानात कडब्याचं एक ताट उभं नव्हतं. वाढवण्याची माणसं रान सोडून तंबूत आली होती.

मल्लम्मानं तोवर सिनेमा पाहिला नव्हता. मागून एक प्रकाशाचा झोत आला, त्यात हजारो धूलिकण सोन्याच्या कणांसारखे तरंगू लागले, आणि समोरच्या पांढऱ्या कापडावर माणसं जिवंत झाली. घराएवढे चेहरे, परातीएवढे डोळे, आणि त्या डोळ्यांतून ओघळणारं पाणी. देवळाच्या गाभाऱ्यात समई लागल्यावर जे वाटतं, तसलंच काहीतरी तिच्या अंगभर पसरलं. बत्तासाही कान टवकारून, मान वाकडी करून बघत होता.

आणि मग पडद्यावर नदी आली. दोन्ही थड्या भरून वाहणारी, फेसाळणारी अफाट नदी… तंबूतली माणसं, ज्यांनी त्या सकाळी तळ्याच्या गाळात झिरे खणून घागर घागर पाणी भरलं होतं, ती सगळी एकाएकी निःशब्द झाली. मागच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. बत्तासा उठला. बसलेल्या माणसांच्या मधून वाट काढत पडद्यापाशी गेला आणि त्या नदीला जीभ लावून चाटू लागला.

कुणीही हसलं नाही. पंढरीचा गडी काठी घेऊन निघाला, तसा पुढं बसलेला एक म्हातारा म्हणाला, “राहू दे रे. पिऊ दे त्याला.”

घरी परतताना मल्लम्माच्या पोटात ते सगळं मावत नव्हतं. कुणाला तरी सांगावं… नव्हे, एकालाच सांगावं. तुझा बत्तासा नदी प्यायला गेला होता ग! पण ती घरात शिरली तेव्हा शिवकन्येनं बापाच्या ताटात जेवता जेवता तोंड भिंतीकडं फिरवलं, आणि मल्लम्मानं सगळे शब्द गिळून टाकले.

पुढच्या साली पाऊस झाला, पण बत्ताशाला घरी आणता आलं नाही. तो जिवंत दिसला असता तर चावडीवर सिद्रामप्पाचा शब्द खोटा पडला असता. शिवकन्या लातूरला आत्याकडं शिकायला गेली. सुट्टीत यायची, बापाशी तासन् तास बोलायची, मल्लम्माला लागेल तेवढंच उत्तर द्यायची. पंढरीचा तंबू पावसाळ्यात गुंडाळला जाई, दसऱ्याला पुन्हा उभा राही, आणि मल्लम्माचे सण बत्ताशाच्या शेजारी बसून जात. दिवाळीचा खेळ, शिवरातीचा खेळ, पाडव्याचा खेळ. ताटातूट झालेल्या आया-लेकरांच्या कथा असत. शेवटी ती भेटत, सगळा तंबू सुस्कारा सोडी, आणि त्या थोर मायेच्या दर्शनानं भारावून ती दोन कोस अंधारात वाटेवरच्या गावांतल्या बायांबरोबर चालत येई.

चौथ्या दिवाळीत बत्तासा गेला. खेळ चालू असतानाच. त्याचा श्वास जड झाला होता, त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि मान टाकली. पडद्यावर तेव्हा एक आई आपल्या मुलाला शेवटचा निरोप देत होती, सगळा तंबू हुंदके देत होता. म्हणून मल्लम्मा का रडते आहे, हे कुणीच विचारलं नाही.

पंढरीनं खड्डा खणून दिला. थोड्या दिवसांनी त्याचा तंबू मुखेडकडं गेला. मल्लम्मा पुन्हा सिनेमाला गेली नाही.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादची दप्तरं फोडून निम्मी इकडं आली, नवं कलेक्टर ऑफिस सुरू झालं, नोकरभरती निघाली, आणि मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेली शिवकन्या तिथं परवान्यांच्या टेबलावर लागली. सिद्रामप्पानं गावभर पेढे वाटले. मल्लम्मानं ते पेढे वळले होते, पण तिला लेकीनं कळवलं काहीच नव्हतं.

त्या साली येळवशीला ती अवचित आली. भर दुपारी, बांधावरून एकटी चालत. ज्वारी कमरेएवढी उभी होती. खोपीपाशी सिद्रामप्पा आंबिलीचा वाडगा घेऊन बसला होता, मल्लम्मा पालेभाज्यांची भज्जी वाढत होती.

शिवकन्या बापाकडं गेली नाही. मल्लम्माच्या समोर येऊन उभी राहिली.

“पंढरी नावाचा माणूस ऑफिसात आला होता,” ती म्हणाली. “फिरत्या सिनेमावाला. जिल्हा बदलला, म्हणून परवाना नव्यानं काढायचा होता. त्यानं मला गाव इचारलं. हिप्परगा म्हणल्यावर म्हणाला, तुमच्या गावातल्या मल्लम्माबाई कशा हायत?”

मल्लम्माच्या हातातली पळी थांबली.

“म्हणाला, तसली बाई म्या बघितली न्हाई. पांढऱ्या कुत्र्यासाठी दोन कोस चालत यायची, एक कान तांबडा होता त्याचा… चिकव्वा, चार वर्सं तू त्याला जगवलंस. मला का सांगितलं न्हाईस?”

मल्लम्माची नजर नकळत नवऱ्याकडं गेली आणि तिथून लगेच परतली. आता सांगावं का? एका वाक्यानं दहा वर्षांचं ओझं उतरलं असतं. पण ते उतरून पडणार कुणाच्या डोक्यावर, हेही तिला दिसत होतं. पांढरे झालेले केस, आणि लेक आली म्हणून उजळलेला तो चेहरा…

“लहान होतीस,” ती म्हणाली. “रडली असतीस.”

“मी तरीबी रडलेच की. लातूरला आत्याच्या घरी, रोज.”

मग सिद्रामप्पानं वाडगा खाली ठेवला.

“तिला इचारू नको, पोरी. मला इचार,” तो म्हणाला. “कुत्रं मारायचं म्या ठरवलं होतं. पंच होतो. चावडीवर बोलून आलो होतो. हिनं त्याला वाचवलं, ते मला आज कळालं. मला वाटलं, हिनं माझं काम आपल्या हातानं केलं.”

“आणि तुम्ही मला सांगितलं न्हाई, अप्पा?”

“न्हाई. तू हिच्याशी बोलायची न्हाईस अन् माझ्या ताटात जेवायचीस. मला ते गोड लागलं. दहा वर्सं ते मी खाल्लं.”

शिवकन्या बापाकडं पाहत राहिली. रागावेल, तडक निघून जाईल, या भयानं मल्लम्मा अर्धी उठली होती. पण शिवकन्येची नजर मल्लम्माकडं वळली. ज्या बाईनं आपला तिरस्कार दहा वर्षं भाकरीसारखा रोज निमूट वाढून घेतला, आणि आत्ताही, आत्ताच्या क्षणालाही, दुसऱ्याचा अपराध पदराआड घ्यायला निघाली होती, तिला आपण कधी पाहिलंच नव्हतं… ती हळूहळू खाली बसली आणि मल्लम्माचा खडी फोडून घट्टे पडलेला हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

“तो गेला तवा कुणी होतं जवळ?”

“मी होते.”

एवढंच ऐकायला जणू ती दहा वर्षं थांबली होती. ती ओक्साबोक्शी रडू लागली, आणि मल्लम्मानं पहिल्यांदाच, कुणी झिडकारील ही भीती न बाळगता, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी तिघं बैलगाडीनं वाढवण्याला गेली. नव्या परवान्यावरचा पंढरीचा पहिला खेळ होता. पंढरीही म्हातारा झाला होता. मल्लम्माला पाहताच त्यानं तिकिटांची पेटी सोडली, हात जोडले आणि पुढं स्वतःच्या हातानं सतरंजी अंथरून दिली.

मल्लम्मा बसली. शिवकन्या तिच्या उजवीकडं बसली, पण मधे हातभर जागा सोडून.

“सरक की इकडं,” मल्लम्मा म्हणाली. “एवढी जागा कशाला?”

“बत्ताशाची हाय,” शिवकन्या हलकेच म्हणाली.

“तू डावीकडं ये,” मल्लम्मा म्हणाली. “माझ्या डाव्या अंगाला कायम रिकामं असायचं. तो उजवीकडं बसायचा.”

शिवकन्या उठली, डावीकडं आली आणि तिला अगदी चिकटून बसली. सिद्रामप्पा मात्र अजून उभाच होता, हातात पटका धरून, परक्या घरात आल्यासारखा.

“मी कुठं बसू?” त्यानं विचारलं.

शिवकन्येनं मल्लम्माकडं पाहिलं. निर्णय तिचा होता, आणि तो तिनंच घ्यावा, असं त्या नजरेत होतं. मल्लम्मानं उजव्या बाजूची मोकळी सतरंजी हातानं झटकली.

“या,” ती म्हणाली.

तो आला, त्या जागेवर अवघडून, मांडी घालून बसला आणि त्यानं मान खाली घातली. मागं यंत्र सुरू झालं. प्रकाशाचा झोत तिघांच्या डोक्यावरून पुढं गेला.

“अप्पा, मान वर करा,” शिवकन्या म्हणाली. “सुरू झालंय.”

त्यानं मान वर केली.