काल येऊन गेलेली

परदेशी जायचं ठरलं की माणसाची पहिली ओळख वाढते ती झेरॉक्सवाल्याशी. घाईचीही वाढली होती. पांढऱ्या पडद्यापुढचे, दोन्ही कान दिसणारे फोटो. दाखल्यांच्या प्रती, प्रतींवर शिक्के, शिक्क्यांखाली सह्या. कागदोपत्री तिचं नाव वेगळं होतं, पण घरात सगळे घाईच म्हणत. शाळेतून आली की पाठीवरचं दप्तर न उतरवताच जेवायला बसायची, तेव्हापासूनचं ते नाव. पुढे ती चष्म्याचे नंबर काढायचं काम शिकली, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्यात लागली, तिथेच खोली करून राहिली, आणि आता दूरदेशीच्या एका मोठ्या नेत्ररुग्णालयात काही वर्षांसाठी निघाली होती.

कामात ती चोख होती. पण तिला एक खोड होती. दुसऱ्याच्या ताटात आपल्यापेक्षा जास्त पडलंय का, हे ती आधी बघायची. आई धाकट्या भावाच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली, की ही खोलीतून उठून जायची. वय वाढलं तशी खोड दिसेनाशी झाली, गेली मात्र नाही.

निघण्याआधी सगळ्यांना भेटणं भाग होतं. कागदांच्या खेपांमध्ये जागा काढून तिने भेटी बसवल्या. पहिली मावशी.

मावशी एकटी राहायची. तिच्या जिन्यातला दिवा बरेच महिने बंद होता, म्हणून घाईने वर चढताना फोनचा उजेड धरला. पण दिवा लागलेला होता. दार उघडून मावशी बघतच राहिली.

"अगं, पुन्हा? काही विसरलीस का?"

"पुन्हा कुठे, मावशी? आजच येतेय."

"चल, थट्टा पुरे. काल दुपारभर बसली होतीस ना इथे."

मावशीला विसरायला होतं, हे घाईला माहीत होतं. तिने वाद घातला नाही. खुर्चीच्या कडेवर टेकली, निघायची तारीख सांगितली, चहा नको म्हणाली. मग तिचं लक्ष मावशीच्या पायांकडे गेलं. गुडघे वाकत नसल्यामुळे मावशीची नखं नेहमी वाढलेली असायची. आज ती नीट कापलेली होती. टाचांना तेल लावलेलं होतं.

"नखं कुणी कापली गं?"

"तूच नाही का? पाय मांडीवर घेऊन बसलीस. मी नको नको म्हणत होते." मावशी हसली, आणि मग हसू जरासं मावळलं. "काल कशी निवांत होतीस. बरं वाटलं मला. आज परत तुझं ते घड्याळ बघणं सुरू."

घाईने मनगट पदराआड करावं तसं पर्सखाली सरकवलं. शेजारीण कुणीतरी येऊन गेली असेल आणि म्हातारीने माणसं एकमेकांत मिसळली असतील, एवढा सरळ अर्थ तिने लावला. तरी जिना उतरताना त्या दिव्याखाली तिला भीती वाटली नाही, राग आला. आपल्या वाट्याचं कौतुक कुणीतरी परस्पर घेऊन गेलं होतं.

पुढची खेप भावाकडे होती. अर्जावर 'अडीअडचणीला कुणाला कळवावं' या रकान्यापुढे त्याची सही हवी होती. तो सुतारकाम करायचा. कारखान्यात भुशाचा आणि ओल्या सरसाचा वास भरलेला असायचा. त्या दोघांत धड बोलणं असं राहिलंच नव्हतं. करवतीत त्याचं बोट गेलं, तेव्हा घाईने चांगल्या सर्जनचं नाव कळवलं, दोनदा फोनही केला, पण ती स्वतः आली नव्हती. तेव्हापासून तो तिच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचा.

आज मात्र तिला बघताच त्याने रंधा खाली ठेवला आणि हात पुसत समोर आला.

"ताई, ये, बस इथे. हा स्टूल डुगडुगतो, त्याच्यावर नको." तो जरा घुटमळला. "काल तू बोललीस ना, त्यावर रात्री खूप विचार केला. मीही उगाच धरून बसलो होतो. सोडलं मी ते. आता मनात काही नाही."

घाई बसता बसता थांबली.

"काय बोलले मी काल?"

"आता परत काय वदवून घेतेस! एवढी रडलीस, माझा हात धरून. मलाच कसंतरी झालं." त्याने उरलेल्या चार बोटांनी मानेवरचा भुसा झटकला. "आणि एक सांगू? काल केस मोकळे होते, छान दिसत होतीस. अशी घट्ट बांधत जाऊ नकोस."

काल दिवसभर ती पोलिसांच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होती. कालच्या तारखेचा शिक्का मारलेला तो दाखला आत्ता तिच्या पर्समध्ये होता. ती मी नव्हते, असं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही. पण भाऊ इतक्या वर्षांनी असा तिच्या डोळ्यांत बघून हसत होता, आणि ते वाक्य उच्चारलं की हे हसू पुसलं जाणार होतं. तिने अर्ज पुढे केला. त्याने सही केली.

परतताना बसच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता. माफीचा हा शब्द माझा होता, ती मनात म्हणत होती. मी तो वर्षानुवर्षं जपून ठेवला होता. कधीतरी वेळ काढून म्हणणार होते. आणि ती आली, हात धरला, रडली, आणि माफी घेऊन गेली. जिची चूकच नव्हती तिला माफी मिळाली.

ती कोण, हा प्रश्न खरं तर आधी पडायला हवा होता. तो पडला, पण नंतर.

व्हिसाची मुलाखत परदेशी कचेरीत होती. काचेमागे करड्या कोटातल्या एक अधिकारी बाई बसल्या होत्या. प्रश्न नेहमीचेच. पगार कोण देणार, राहणार कुठे, परत कधी येणार. घाईने उत्तरं घोटून ठेवली होती.

"मागे घरी कोण?"

"आई आणि धाकटा भाऊ."

"भाऊ दिवसभर कामावर. आईकडे कोण बघतं?"

शेजार चांगला आहे, असं तिने घोटलं होतं. तोंडातून निघालं, "मीच बघते."

बाईंनी मान वर केली. "तुम्ही तर निघालात."

"म्हणजे... आहे एक घरी. कायमची असते."

"नात्यातली?"

"हो. अगदी जवळची."

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. कागदावर शिक्का बसला तो इतक्या सहज, की मागच्या रांगेतला माणूस आश्चर्याने बघायला लागला. बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. घाईला आनंद व्हायला हवा होता. तिला मात्र एकच लागून राहिलं होतं. आपण तिला घर देऊन टाकलं. मागितलंही नव्हतं तिने.

आईची भेट तिने निघायच्या दिवशी ठेवली होती, संध्याकाळी, विमानतळाच्या वाटेवर. आता तो बेत तिने बदलला. सामान टॅक्सीत टाकून ती सकाळीच निघाली. या खेपेला तरी आपण आधी पोचायचं. तिच्या आधी.

आईचं घर तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. टॅक्सीवाल्याला खाली थांबायला सांगून ती जवळजवळ पळतच वर गेली. बेल वाजवायच्या आधी तिने केस सोडले. का सोडले, ते तिचं तिला कळलं नाही.

आईने दार उघडलं. तिच्या नाकावर नवा चष्मा होता. दोन वर्षं ती म्हणत होती, घाई, अक्षरं पुसट दिसतात गं, एकदा बघून दे ना. आणि घाई म्हणायची, पुढच्या वेळी यंत्र घेऊन येते.

आईने तिच्याकडे नीट बघितलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, स्वच्छ नजरेने.

"या ना," आई म्हणाली. "घाईकडे काम होतं का?"

घाई हसली. हसायचा प्रयत्न केला. "आई, मीच आहे."

"हो हो, या. बसा." माणसं ओळखता आली नाहीत की आई जशी सगळ्यांशी हसायची, तशीच ती हसली. "ती वर गेलीय गच्चीवर, कपडे काढायला. येईलच. पाणी देते तुम्हाला."

तुम्हाला. घाईला आठवतंय तेव्हापासून आईने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. रागावल्यावरसुद्धा नाही.

भाऊ आतून आला. आज तो घरीच होता. आठवडाही झाला नव्हता त्याने तिला डुगडुगणाऱ्या स्टुलावर बसू न दिल्याला. आता तो तिच्याकडे बघून अदबीने थबकला.

"नमस्कार. ताईच्या दवाखान्यातल्या का तुम्ही?"

"अरे, काय चाललंय हे? मी निघालेय आज. माझं विमान आहे."

"अच्छा, म्हणजे ते तुम्हीच! ताई म्हणाली होती, तिच्या जागी कुणीतरी जातंय म्हणून. बरं झालं बाई. तिला कुठे जायचंच नव्हतं."

घाईने आईकडे हात पुढे केला. "तुमचा चष्मा बघू जरा?" आपणही तुमचा म्हणालो, हे तिला मागाहून जाणवलं. आईने विश्वासाने काढून दिला. घाईने तो खिडकीकडे धरला, काच थोडी डावीकडे नेली, थोडी उजवीकडे, खिडकीच्या गजाची रेघ किती सरकते ते पाहिलं. भिंगाचा मध्य बुबुळासमोर येईल असाच बसवला होता. दांड्या कानामागे दुखू नयेत म्हणून हाताने वाकवून दिल्या होत्या. बाजारातल्या दुकानात एवढं कुणी करत नाही. माणसाला समोर बसवून, पुन्हा पुन्हा विचारून, त्याच्या कलाने घेत केलेलं काम होतं ते. तिला स्वतःला येत असलेलं. तिने कधीच न केलेलं.

"घाईने दिला करून," आई म्हणाली. "आता सगळं कसं लख्ख दिसतं."

वर गच्चीवर चपलांचा आवाज झाला.

कुणीतरी चालत होतं. चार पावलं, मग थांबणं, मग परत. जरासुद्धा घाई नसलेली पावलं. आईचा चेहरा ती ऐकताना असा उजळला, की घाईला तो बघवेना. हा चेहरा तिने आयुष्यभर दुसऱ्यासाठी उजळताना पाहिला होता. आता तो तिच्याच नावासाठी उजळत होता, आणि तरी तिच्यासाठी नव्हता.

"मी भेटून येते तिला," ती म्हणाली.

"परक्या माणसांसमोर यायला लाजते हो ती," आई मागून म्हणाली.

गच्चीचा जिना अरुंद होता. वरचं दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून ऊन येत होतं आणि धुतलेल्या कापडाचा वास.

घाईने फटीला डोळा लावला.

एक चादर. चादरीच्या दोन कोपऱ्यांवर दोन हात. कोपऱ्याला कोपरा जुळवून, मधली सुरकुती तळव्याने सारखी करून, घडीवर घडी घालणारे. बाकीचं अंग चादरीआड होतं. हात घाईचेच होते. डाव्या अंगठ्याचं नख तसंच जरासं वाकडं. फक्त मनगटावर घड्याळ नव्हतं.

घडी घालता घालता ते हात थांबले.

पलीकडे कुणीतरी ऐकत होतं.

घाईने दारावर तळवा टेकवला. कडी नव्हती, कुलूप नव्हतं. एक धक्का दिला असता, तर चादर, ते हात, तो चेहरा, जे काय असेल ते समोर आलं असतं. ओढून काढलं असतं तिने तिला. आईचं हसणं, भावाचं मन, मावशीचे पाय, एकेक करून परत घेतलं असतं. राहिली असती इथेच. तिने श्वास ओढला.

खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

तिने घड्याळ बघितलं.

पलीकडचे हात शांतपणे पुन्हा घडी घालायला लागले.

घाई जिना उतरली. आईने दारापर्यंत येऊन निरोप दिला, सांभाळून जा हं, म्हणाली, परक्या माणसाला म्हणतात तसं मनापासून. भावाने एक बॅग टॅक्सीत नीट लावून दिली आणि मागे न बघता वर गेला.

टॅक्सी वळणावर आली तेव्हा तिचा फोन थरथरला. भावाचा निरोप होता, नेहमीच्याच नंबरावर, तिच्याच नावावर.

"ताई, गेल्या त्या बाई. ये खाली, जेवायला वाढलंय."

ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. काय लिहावं, याचा विचार करत तिने फोन मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात सीटवर टेकवले.

पडद्यावर, तिचे निरोप उमटतात त्या बाजूला, उत्तर उमटलं.

"आले."